काठीपासून उपग्रहापर्यंत : कोपरगांवच्या बेटाची पाहणी

राजांचा इतिहास लिहिणें त्या मानानें सोपें; जमिनीचा इतिहास लिहिणें कठीण. राजे पत्रें लिहितात, तह करतात, आपसांत भांडतात, आणि त्या भांडणांचे कागद मागें ठेवून जातात. जमीन कांहींच लिहीत नाहीं. ती पिकते, पडीक राहते, वाहून जाते, पुन्हां भरून येते. आणि हें सारें इतक्या सावकाशीनें घडतें कीं, चालू पिढीला तें दिसत नाहीं व पुढच्या पिढीला तें पूर्वींपासूनच तसें होतें असें वाटतें. त्यांतही नदीच्या पात्रांतील बेट ही जमिनीची सर्वांत चंचल जात होय. श्रावणांत चहूंबाजूंनीं पाणी असतां तें खरेंखुरें बेट असतें. वैशाखांत एक प्रवाह आटला कीं तेंच कांठाला येऊन मिळतें. एखाद्या पुरानें त्याचें एक टोक तुटतें, दुसऱ्या पुरानें दुसऱ्या टोकाशीं गाळ सांचतो. अशा भूमीचें क्षेत्र किती, असें कोणी विचारलें तर ‘कोणत्या सालीं आणि कोणत्या महिन्यांत?’ असा उलट प्रश्न करणें भाग पडतें. या प्रश्नाला उत्तर देण्याची सोय मनुष्याच्या हातीं आली ती गेल्या अर्ध्या शतकांत, आणि ती आली आकाशांतून. ती कशी आली व तिच्यावर विश्वास कोठवर ठेवावा, याचा विचार गोदावरीच्या कांठच्या एका परिचित बेटाच्या आधारें करण्याचें योजिलें आहे.

आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील कोपरगांव आणि तेथील बेट हीं नांवें महाराष्ट्राला दोन कारणांनीं ठाऊक आहेत. आदिपर्वांतील कच-देवयानीची कथा येथेंच घडली अशी लोकांची श्रद्धा असून शुक्राचार्यांचें व कचेश्वराचें स्थान या बेटावर दाखवितात. दुसरें कारण रघुनाथराव पेशवे. इ. स. १७५८ मध्यें ज्याच्या मोहिमेंत मराठी फौजा अटकेपर्यंत जाऊन पोंचल्या, त्याच पुरुषाला सन १७८२ च्या सालबाईच्या तहान्वयें दरमहा पंचवीस हजार रुपयांच्या नेमणुकीवर स्वस्थ बसणें प्राप्त झालें. त्यानें राहण्यास कोपरगांव पसंत केलें, व पुढच्याच वर्षीं, १७८३ च्या डिसेंबरांत, येथेंच त्याचें देहावसान झालें. गांवांत एक वाडा, बेटावर दुसरा, आणि जवळच हिंगणी येथें तिसरा, तोही अपुरा, असा त्याचा संसार होता. अहमदनगर जिल्ह्याचें गॅझेटियर १८८४ सालीं प्रसिद्ध झालें, त्या सुमारास गांवांतील वाड्यांत सरकारी कचेरी भरत होती आणि बेटावरचा वाडा पाडला जाऊन नाहींसा झाला होता. ज्याच्या घोड्यांनीं सिंधूचें पाणी पाहिलें, त्याचें अखेरचें घर गोदावरीच्या पाण्यांतील कांहीं बिघे जमिनीवर उभें होतें.

हा झाला राजांचा इतिहास. आतां जमिनीकडे वळूं. तिची नोंद आपल्या पूर्वजांनीं ठेवलीच नाहीं असें नव्हे. निजामशाहींत मलिकंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं जमिनीचा कस पाहून धारा ठरविण्याची पद्धत बसविली, आणि तिची कीर्ति या जिल्ह्यांत त्याच्या पश्चातही पुष्कळ काळ टिकली. शिवकालांत जमीन मोजण्याची काठी पांच हात पांच मुठींची होती, व अशा चारशें चौरस काठ्यांचा बिघा होत असे. पेशवाईंत गांवोगांवच्या पाहण्या होत; जिराईत किती, बागाईत किती, पडीक किती, याचे झाडे तयार होत. परंतु ही सर्व पाहणी साऱ्यासाठीं होती. जी भूमि सारा देते ती कागदावर चढे. जी देत नाहीं तिचा उल्लेख एका शब्दांत आटपे. नदीपात्रांतल्या बाभळी, लव्हाळे, कुरण, उन्हाळ्यांत वाळवंटावर लावलेले टरबुजांचे वेल, यांचा पत्ता कारकुनाच्या बोरूला क्वचितच लागे. आणि लागला तरी त्यानें एकदां लिहिलेला आंकडा पुढें वर्षानुवर्षें तसाच उतरून घेतला जाई.

इंग्रजी अंमलांत काठीच्या जागीं साखळी आली. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत जी मोजणी-पद्धति सुरू केली, तीच पुढें मुंबई इलाख्याची पद्धति ठरली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, बांधावर दगड बसले, मातीची खोली व रंग पाहून प्रतवारी झाली, आणि आकार तीस वर्षांसाठीं कायम झाला. ही साखळी तेहतीस फुटांची होती. तिची एक लांबी व एक रुंदी मिळून जें क्षेत्र होतें तो गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. वाचकांनीं हा तेहतीस फुटांचा गुंठा लक्षांत ठेवावा. पुढें तो पुन्हां भेटणार आहे. या मोजणीनें महाराष्ट्राचा गांव-नकाशा सिद्ध केला, ही तिची थोर कामगिरी. परंतु तीस वर्षांचा बंदोबस्त म्हणजे तीस वर्षें स्थिर राहणारी भूमि असें तिचें गृहीतक होतें, आणि नदीला तें मान्य नव्हतें. जो भाग लागवडीस नालायक तो ‘पोटखराबा’ या एका सदरांत जाई, मग त्यावर वाळू असो, बाभूळबन असो, कीं पाणी असो.

जमीन वरून पाहावी ही कल्पना मात्र जुनी आहे. १८५८ सालीं नादार या फ्रेंच प्रकाशचित्रकारानें फुग्यांत बसून पॅरिसजवळच्या भूप्रदेशाचें चित्र घेतलें, आणि पुढें विमानें आल्यावर हें कार्य युद्धाच्या निमित्तानें झपाट्यानें वाढलें. आपल्याकडे विमानचित्रांवरून भूमि ओळखण्याचें शिक्षण देणारी संस्था डेहराडून येथें १९६६ मध्यें निघाली. त्यानंतर चार वर्षांनीं, १९७० मध्यें, प्रोफेसर पिशारोटी यांनीं केरळांतील नारळीच्या बागांवर एक प्रयोग केला. नारळीला मुळें कुजण्याचा रोग लागला होता. त्यांनीं हेलिकॉप्टरांतून अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर बागांचीं चित्रें घेतलीं, आणि रोगट झाडें निरोगी झाडांहून वेगळ्या रंगांत उमटलीं. भारतांतील सुदूर-संवेदनाचा हा श्रीगणेशा. त्याचें निमित्त युद्ध नव्हतें, शेतकऱ्याचें झाड होतें, ही गोष्ट आपणांस अभिमानाची वाटली पाहिजे.

या प्रयोगामागील तत्त्व समजावयास अवघड नाहीं. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशांतील तांबडे किरण शोषून घेतें. परंतु तांबड्याच्या पलीकडचे, आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पानाच्या अंतर्रचनेमुळें मोठ्या प्रमाणांत परत फेंकले जातात. पान जितकें टवटवीत व दाट, तितकें हें अंतर मोठें. उघड्या मातीच्या बाबतींत दोहोंमध्यें फारसा फरक पडत नाहीं, आणि पाणी तर अवरक्त किरण जवळजवळ गिळूनच टाकतें. म्हणून या दोन किरणांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेनें भागलें असतां उणें एक ते अधिक एक यांच्या दरम्यान जो आंकडा येतो, त्यावरून येथें पाणी आहे, माती आहे कीं हिरवळ आहे, याचा अदमास बांधतां येतो. १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेंत रूढ झालेला हा वनस्पति-निर्देशांक आजही या शास्त्राचें नित्याचें हत्यार आहे.

त्याच्या थोडेंच आधीं, २३ जुलै १९७२ रोजीं, अमेरिकेनें लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला होता. तो सुमारें नऊशें किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवतीं फिरे व दर अठरा दिवसांनीं त्याच जागेवर येई. भारताचा आय. आर. एस.-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजीं बैकानूर येथून उडाला. आणि त्याच वर्षीं नागपुरास महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. यूरोपचा सेंटिनेल-२ए हा २०१५ च्या जूनमध्यें गेला, व २०१७ मध्यें त्याचा जोडीदार गेल्यावर ही जोडी दर पांच दिवसांनीं तीच भूमि पाहूं लागली.

आतां आपला गुंठा घेऊन या यंत्रांची परीक्षा करूं. उपग्रहाचें चित्र चौरस घरांचें बनलेलें असतें, आणि एका घरांत जें जें असेल त्या सर्वांचा मिळून एकच रंग येतो. पहिल्या लँडसॅटचें घर सुमारें ऐंशी मीटरांचें होतें, म्हणजे दीड एकराहून किंचित् मोठें. आपल्या आय. आर. एस.-१ए च्या एका कॅमेऱ्याचें घर ७२.५ मीटरांचें, म्हणजे सुमारें बावन्न गुंठ्यांचें, दुसऱ्याचें ३६.२५ मीटरांचें, म्हणजे तेरा गुंठ्यांचें. सेंटिनेलचें घर दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद. तेहतीस फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर! मोजणीदाराची साखळी जेथें थांबली होती, नेमका तेथेंच हा उपग्रह येऊन ठेपला आहे; त्याचें एक घर म्हणजे आपला एक गुंठा. हा योगायोग खरा, परंतु सोयीचा योगायोग आहे. ज्या मापांत कोपरगांवचा शेतकरी आपली जमीन मोजतो, त्याच मापांत आतां आकाशही ती मोजूं लागलें आहे.

यांत कागदी गंमतीपलीकडे कांहीं आहे काय? आहे. आपल्या जमीन महसुलाच्या कायद्यांत असें तत्त्व आहे कीं, अर्ध्या एकराहून कमी नाहीं इतकी जमीन नदीनें खाल्ली तर खातेदारास आकारांत सूट मागतां येते. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. १९७२ च्या उपग्रहाच्या दृष्टीनें हें नुकसान एका घराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढें होतें. तें त्याला दिसलेंच नसतें. आज तीं वीस वेगळीं घरें आहेत. पूर्वीं अशा नुकसानीचा सारा भार तलाठ्याच्या पंचनाम्यावर आणि चार पंचांच्या स्मरणावर असे. आतां पुरापूर्वींचें व पुरानंतरचें चित्र शेजारीं ठेवून दाखवितां येतें. गाळ सांचून वाढलेल्या मळईवर कोणी पीक घेतलें, वाळू उपसल्यानें कोठला कांठ ढांसळला, याचीही साक्ष हींच चित्रें देतील. ज्याच्याजवळ वशिला नाहीं अशा मनुष्यास हा साक्षीदार फार मोलाचा आहे.

परंतु कोणताही साक्षीदार उलटतपासणीशिवाय मान्य करूं नये, हा इतिहासाचाही नियम आहे. पहिला आक्षेप कांठाचा. शंभर गुंठ्यांचें एक चौकोनी बेट घ्या. दहा गुणिलें दहा अशीं त्याचीं शंभर घरें होतील, आणि त्यांपैकीं छत्तीस अगदीं कडेचीं असतील. बेटाची कड कांहीं घरांच्या रेषेवरून चालत नाहीं. म्हणून त्या घरांत अर्धें पाणी व अर्धी भूमि असा मिश्र रंग येणारच. बेट जितकें लहान, तितका हा संशयाचा वांटा मोठा. यास्तव लहानशा बेटाचें क्षेत्र कोणी गुंठ्यापर्यंत बिनचूक सांगूं लागला, तर त्याला आधीं कडेच्या घरांचा हिशेब विचारावा.

दुसरा आक्षेप हिरवेपणाचा. उपग्रहाला हिरवें दिसतें. हिरवें काय आहे तें त्याला कोणी सांगावें लागतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नांदूर-मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन कालवे निघाले, आणि कोपरगांवच्या परिसरांतील ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊंस शिरला. आडसाली ऊंस सोळा-अठरा महिने शेतांत उभा असतो. नदीकांठची वेडी बाभूळही बहुतेक वर्षभर हिरवी. नदीच्या पाण्यावर पसरणारी जलपर्णी तर उसाहूनही टवटवीत दिसावी. एका दिवसाच्या चित्रांत हीं तिन्ही सारखींच संपन्न भासतील. वस्तुतः पहिली शेतकऱ्याची मिळकत, दुसरी आगंतुक, आणि तिसरी आजारी पाण्याची खूण. वर्षभराचीं चित्रें ओळीनें लावलीं तर यांत पुष्कळ निवड होते: ऊंस तुटला कीं त्याची हिरवळ एकदम नाहींशी होते, रब्बीची ज्वारी कार्तिकांत चढते व फाल्गुनांत उतरते, जलपर्णी पुराबरोबर वाहून जाते. तथापि अखेरचा निर्णय त्या जागीं पाय ठेवून करावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत शेतकऱ्यानें स्वतःच आपल्या पिकाचें छायाचित्र घेऊन सातबारावर नोंद करण्याची ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. वरची पाहणी व खालची पाहणी यांचा मेळ घालण्याची ही उत्तम संधि होय.

तिसरा आक्षेप ढगांचा, आणि बेटाच्या दृष्टीनें तो सर्वांत मार्मिक आहे. आषाढ-श्रावणांत, म्हणजे बेट जेव्हां खरें बेट असतें नेमक्या त्याच दिवसांत, आकाश झांकलेलें असतें. साध्या कॅमेऱ्याला फक्त ढगांची पाठ दिसते. २०१९ च्या ऑगस्टच्या आरंभीं नाशिककडे अतिवृष्टि होऊन गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हांही हीच अडचण होती. तिच्यावरील उपाय म्हणजे रडार. भारताचा रिसॅट-१ हा २०१२ मध्यें व यूरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४ मध्यें अशीं यंत्रें घेऊन गेले. तीं स्वतःच लहरी सोडतात व त्यांचा प्रतिध्वनि टिपतात. त्यांना ना दिवस लागतो ना निरभ्र आकाश. शांत पाण्यावरून त्या लहरी पलीकडे निसटतात, म्हणून पाणी काळें दिसतें व भूमि उजळ. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडालेला ‘निसार’ हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह याच जातीचा, आणि त्याच्या लांब लहरी पानांच्या दाटींतूनही खालीं उतरतात.

बेटांची ही चंचलता एकट्या गोदावरीची नव्हे. बंगालच्या उपसागरांत १९७० च्या भीषण वादळानंतर एक बेट वर आलें. त्याला भारतानें न्यू मूर म्हटलें, बांगला देशानें दक्षिण तालपट्टी. १९७४ मधील उपग्रहचित्रांत तें टिपलें गेलें, दोन राष्ट्रांनीं त्यावर हक्क सांगितला, आणि २०१० मध्यें जादवपूर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं उपग्रहचित्रांच्याच आधारें जाहीर केलें कीं तें बेट आतां पाण्याखालीं गेलें आहे. ज्या भूमीसाठीं भांडण, तीच उरली नाहीं. आसामांत ब्रह्मपुत्रेनें माजुली बेट कसें कुरतडलें, हेंही अशाच चित्रांच्या मालिकेवरून मोजलें गेलें आहे. आपल्या मुंबईच्या सात बेटांचें एक शहर झालें तें उपग्रहाच्या पुष्कळ आधीं. तो वृत्तान्त कागदांतच शोधावा लागतो. परंतु तेथील खाड्यांतल्या खारफुटीचें तसें नाहीं. २००५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें खारफुटीची तोड थांबविण्याचा आदेश दिला, तेव्हां तिच्या क्षेत्राचे नकाशे उपग्रहाच्या साहाय्यानें करण्याची आज्ञाही केली. झाड कोठें होतें हें सिद्ध करतां आलें तरच तें तोडलें हें सिद्ध होतें.

यावरून या साधनाची थोरवी आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. उपग्रहाचें दप्तर १९७२ च्या मागें जात नाहीं. त्याला रघुनाथरावाचा वाडा ठाऊक नाहीं; कालवे येण्यापूर्वींचें कोपरगांव ठाऊक नाहीं; जें त्यानें पहिल्या दिवशीं पाहिलें, तेंच त्याला सृष्टीचें मूळ रूप वाटणार. आज दिसणारी हिरवळ पूर्वींहून अधिक कीं उणी, असा प्रश्न त्याला केला, तर त्याचें ‘पूर्वीं’ पन्नासच वर्षांचें असतें. आणि या परिसराचें रूप तर त्याच्याही साठ वर्षें आधीं कालव्यांनीं बदललें होतें. तेथें जुनी पाहणी, मोजणीचे नकाशे, गॅझेटियरांतील वर्णनें आणि वृद्धांच्या आठवणी यांनींच पुढचा धागा मागच्याला जोडावा लागेल. हें काम यंत्र करणार नाहीं. तें इतिहासाच्या अभ्यासकाचें आहे.

आणि अभ्यासक म्हणजे केवळ पुणें-मुंबईचा पंडित नव्हे. पूर्वीं गांवच्या जमिनीचें ज्ञान कुळकर्ण्याच्या दप्तरांत बांधलेलें असे, व तें दप्तर सोडावयाचें कीं नाहीं हें त्याच्या मर्जीवर असे. २००८ मध्यें लँडसॅटचा सारा संग्रह विनामूल्य खुला झाला. सेंटिनेलचीं चित्रेंही कोणासही मिळतात. कोपरगांवच्या शाळेंतील मुलानें मनावर घेतलें तर आपल्या बेटाचीं गेल्या पन्नास वर्षांचीं चित्रें तो घरबसल्या एकापुढें एक मांडूं शकेल. मात्र त्याच बैठकींत त्यानें घरांतील जुना सातबारा, गांवचा मोजणी-नकाशा आणि आजोबांची साक्षही घ्यावी. आणि चित्रांत जें हिरवें दिसलें तें काय आहे, हें नदीकांठीं जाऊन पाहून यावें. ज्या गांवांत हीं तिन्ही कामें होतील, त्या गांवचें बेट एका रात्रींत कोणाला गिळतां येणार नाहीं, मग गिळणारी नदी असो वा मनुष्य.